काडेपेटीत किती काड्या उरल्या? प्रलयानंतरचा व्हिडिओ गेम पटावर आणताना

मागच्या पावसाळ्यात पुण्यात कर्वेनगरच्या आमच्या घरी ‘द लाँग डार्क’ चौघं मिळून खेळायचो. खरं तर तो एकट्यानं खेळायचा गेम. कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओनं तो २०१४ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच, विकायला आणला आणि २०१७ मध्ये अधिकृतपणे प्रकाशित केला. भूचुंबकीय उत्पातानं वीज आणि यंत्रं बंद पडली आहेत, आपण बर्फाळ रानात एकटे सापडलोय, आणि थंडी, थकवा, तहान, भूक सांभाळत जमतील तितके दिवस काढायचे आहेत. बस, एवढंच. झोंबी नाहीत, राक्षस नाहीत. लांडगे आहेत, अस्वल आहे आणि हवामान आहे.

कीबोर्ड धाकट्या भावाकडे असायचा. मागे सोफ्यावर मी, बायको आणि समोरच्या फ्लॅटमधला मित्र. एका रात्री पात्राजवळ एकच काडी उरली. बाहेर हिमवादळ, झोपडीत विझलेली शेगडी, अंगातली ऊब उतरत चाललेली. भावानं गेम थांबवला आणि मागे वळून विचारलं, “आत्ता लावू, की पहाटे?” पुढची वीस मिनिटं पडद्यावर काहीही हललं नाही. आम्ही चौघं नुसते वाद घालत होतो. आधीच्या दोन तासांत जेवढी मजा आली नव्हती तेवढी त्या वीस मिनिटांत आली.

ती वीस मिनिटं पटावर आणायची, असं तेव्हाच ठरलं. त्यातून ‘ओल’ नावाचा आमचा सहकारी खेळ तयार झाला. सहकारी म्हणजे सगळे भिडू एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला. जिंकलो तर सगळे, हरलो तरी सगळे. तो करताना काय चुकलं आणि कशानं जमलं ते इथे क्रमानं लिहितो. तुमच्या मनातला गेम दुसरा असेल, पण वाट बरीचशी हीच राहील.

पहिली पायरी: वही घेऊन बसा

बहुतेक जण पट आखायला घेतात, आम्हीही घेतला होता. त्याऐवजी आधी आठ-दहा तास गेम पुन्हा खेळा आणि शेजारी वही ठेवा. गेममध्ये काय काय आहे याची यादी करू नका. खेळताना हात जिथे जिथे थांबला, तेवढंच टिपा. दर वेळी तीन गोष्टी लिहायच्या: तेव्हा जवळ काय होतं, समोर कोणत्या दोन वाटा होत्या, आणि भीती कशाची होती.

आमच्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो: “लाकूड दोन, काड्या तीन. अंधार पडायला तासभर. पुढची झोपडी दिसतेय, पण मध्ये गोठलेलं तळं. थांबलो तर लाकूड संपणार, निघालो तर वाटेत रात्र. भीती: वाट चुकण्याची.” अशा चाळीसेक नोंदी झाल्यावर त्यांचे तीन ढीग केले. पहिला नुसत्या हिशोबाचा: किती कॅलरी उरल्या, कपडे किती फाटले. दुसरा हातचलाखीचा: बाण नेमका लागला का, वेळेवर बटण दाबलं का. तिसरा पेचाचा, म्हणजे दोन्हीकडून काहीतरी गमवावंच लागतं असा.

पटावर फक्त तिसरा ढीग न्यायचा. पहिल्या ढिगातलं काम संगणक एका क्षणात करतो, माणसाला ते करताना कंटाळा येतो. दुसरा ढीग टेबलावर अवतरतच नाही. बाणाच्या जागी फासा टाकला की कौशल्य गेलं आणि नुसतं नशीब उरलं. आमच्या तिसऱ्या ढिगात शेवटी तीनच पेच राहिले. काडी आत्ता ओढायची की राखायची? अंधाराआधी पुढे सरकायचं की थांबायचं? ओझं झाल्यावर मागे काय टाकायचं? पुढे कुठलाही नियम सुचला की तो या तिघांपैकी कुणाच्या कामाचा आहे, एवढंच विचारायचो. कुणाच्याच नसेल तर नियम कितीही देखणा असला तरी बाद.

बिबट्या असाच बाद झाला. लांडग्याच्या जागी बिबट्या आणला होता, त्याच्याशी झटापटीचे फासे होते, चित्रही सुरेख निघालं होतं. पण ती झटापट तिघांपैकी एकाही पेचाला हात लावत नव्हती. आता बिबट्या म्हणजे एकच पत्ता: “आज रात्री ही वाट बंद.” तेवढ्यानं तो जास्त भीतिदायक झालाय.

दुसरी पायरी: संगणकाचा हिशोब संगणकाकडेच ठेवा

आमचा पहिला आराखडा ‘प्रामाणिक’ होता. मूळ गेममधली चारही मापं, ऊब, थकवा, तहान आणि भूक, प्रत्येक भिडूसमोर कागदावर आखली होती. चार भिडू, प्रत्येकाची चार मापं, म्हणजे सोळा आकडे, आणि दर फेरीला सोळाही बदलायचे. चाळीस मिनिटांत खेळातले दोन दिवस उरकले. बायको म्हणाली, “हे आयकर विवरण भरल्यासारखं वाटतंय.” खरंच, तेवढ्या वेळात कुणी एकमेकांशी बोललंच नव्हतं.

व्यावसायिक मंडळींनी हा प्रश्न कसा सोडवला ते पाहणं फार उपयोगी पडलं. युद्धात अडकलेल्या नागरिकांवरचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा पोलंडचा गेम २०१४ मध्ये आला आणि २०१७ मध्ये त्याचा सहकारी बोर्डगेम झाला. त्यांनी गोष्टीचा सगळा भार एका जाडजूड पुस्तकावर टाकला. खेळताना क्रमांक निघतो, तो परिच्छेद वाचायचा, निर्णय घ्यायचा. पात्रं कुणा एकाच्या मालकीची नसतात, निर्णयाची पाळी मात्र फिरत राहते. ‘फ्रॉस्टपंक’ हा २०१८ चा गेम गोठलेल्या जगातल्या शेवटच्या शहराचा. त्याच्या बोर्डगेममध्ये पटावर जनित्राचा उभा मनोरा असतो आणि त्यात वरून कोळशाचे ठोकळे टाकायचे. काही आत अडकतात, काही खाली पडतात. किती पडतील हे कुणालाच मोजून सांगता येत नाही, म्हणून टाकणाऱ्याचा हात कापतो. हिशोबाची जागा वस्तूनं घेतली.

तिसरं उदाहरण सावध करणारं. ‘फॉलआउट’ ही १९९७ पासूनची व्हिडिओ गेमची मालिका. तिचा बोर्डगेम २०१७ मध्ये आला तेव्हा तो पूर्ण सहकारी नव्हता. भिडू एकाच उजाड जगात फिरत, पण प्रत्येकाचा डाव आपापला. नंतर ‘ॲटॉमिक बाँड्स’ नावाची पुरवणी काढून तो सहकारी केला गेला. सहकार हा नंतर चढवायचा मजला नाही, तो पायातच हवा, हे आम्ही त्यावरून घेतलं.

आमच्याकडे मग चार मापांचं एकच माप झालं: दम. प्रत्येक भिडूचा दम सहा. रात्री चूल पेटली नाही तर सगळ्यांचा दोननं उतरतो, जेवण कमी पडलं तर एकनं. बाकी काही लिहायचं नाही, काही खोडायचं नाही. एका माणसामागे एकच बदलता आकडा, यापेक्षा जास्त मी आता कुठल्याच आराखड्यात ठेवणार नाही.

तिसरी पायरी: गोष्ट कुठे घडते?

बर्फ आम्हाला माहीत नाही. उणे वीस अंशांत बोटं कशी बधिर होतात हे आमच्यापैकी कुणी अनुभवलेलं नव्हतं, त्यामुळे पत्त्यांवरची वाक्यं उसनी वाटायची. अडलेलं काम सोडवलं आत्यानं. ती नारायण पेठेत वाढली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासलाही गेलं आणि पेठांत पाणी शिरलं, तेव्हा ती आठ वर्षांची होती. आमचं काय चाललंय ते ऐकून ती म्हणाली, “अरे, बर्फ कशाला हवाय? पाणी उतरल्यावर आमच्या घरात सगळं होतं. तांदूळ होते, चूल होती, लाकडंसुद्धा होती. कोरडी काडेपेटी नव्हती. आई चार घरं फिरली एका काडीसाठी.”

त्या दिवशी थंडीची जागा ओलीनं घेतली. ‘ओल’ हे नावही तेव्हाच पडलं. मूळ गेममधला पेच तसाच्या तसा राहिला, पण आता तो आम्हाला अंगावर जाणवत होता: भिजलेलं सरपण, न सुकणारे कपडे, धूर करणारी चूल.

हे प्रत्येक गेमला चालेलच असं नाही. किरणोत्सर्गावर किंवा ठरावीक पात्रांवर उभा असलेला गेम उचलून दुसरीकडे रुजत नाही. अशा वेळी मूळ जग ठेवा. पण ज्या गेमचा शत्रू निसर्ग आहे, तो आपल्या निसर्गात आणून पाहाच.

चौथी पायरी: नकाशा

व्हिडिओ गेममधलं मोकळं जग चौकोनांत कापायचा मोह होतो. शंभर चौकोन झाले की चालण्यातच संध्याकाळ जाते. ठिकाणं घ्या, मोजकी घ्या आणि त्यांना रेषांनी जोडा.

आमची वाट चांदणी चौकातून निघते: भूगाव, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, मग घाट उतरून विळे, निजामपूर आणि शेवटी माणगाव. नऊ ठिकाणं, आठ टप्पे. सहा दिवसांत माणगाव गाठलं की जिंकलो. नुसती सरळ वाट असेल तर निवडायला काही उरत नाही, म्हणून चार आडवाटेच्या जागा जोडल्या: बंद पडलेली कंपनी, शाळा, रिसॉर्ट आणि देवराई. तिथे सामान जास्त मिळतं, पण जाण्यायेण्यात दिवस मोडतो. देवराईत कोरडं लाकूड हमखास मिळतं, मात्र तिथून लाकूड उचलायचं तर सगळ्यांनी ‘हो’ म्हणायला हवं. या एका नियमावर आमच्याकडे जितकं बोलणं झालं तितकं क्वचितच दुसऱ्या कशावर झालं असेल.

प्रत्येक भिडूला दिवसाला तीन हालचाली: एक टप्पा चालणं, सामान शोधणं, दुसऱ्याला काही देणं, किंवा खचलेल्याला आधार देणं. पाठीवर सहाच नग मावतात. एवढ्यानं ओझ्याचा पेच आपोआप आला.

पाचवी पायरी: शत्रूला आठवण द्या

सहकारी खेळात समोर माणूस नसतो, तेव्हा पटानंच डाव टाकायला हवा. नवखे लोक इथे फासा वापरतात: सहा पडला तर पूर. फाशाची अडचण अशी की त्याला आठवण नसते. काल काय पडलं याच्याशी आजचा काही संबंध नाही. पत्त्यांच्या गड्डीला आठवण असते. काय निघून गेलं आणि काय उरलं हे भिडूंना थोडंथोडं ठाऊक असतं, आणि त्या अर्धवट माहितीवरच बेत रचले जातात.

मॅट लीकॉक यांच्या ‘पँडेमिक’ या सहकारी बोर्डगेममध्ये, तो २००८ चा, ही युक्ती कमालीची साधली आहे. रोगाची लागण झालेल्या शहरांचे पत्ते एका बाजूला पडत जातात. साथीचा पत्ता निघाला की ते पडलेले पत्ते पिसून पुन्हा गड्डीच्या वर ठेवायचे. म्हणजे जी शहरं आधीच पोळली आहेत तीच पुन्हा पुढे येणार. दोन ओळींत सांगता येईल असा नियम, पण त्यानं अख्ख्या खेळाला धग येते.

आम्ही ती पावसाला लावली. तेरा ठिकाणांचे तेरा पत्ते, ही पावसाची गड्डी. रोज सकाळी तीन उघडायचे आणि त्या ठिकाणी ओलीची एकेक खूण ठेवायची. खूण असलेल्या जागी सापडणारं लाकूड ओलं. तीन खुणा साठल्या की वाट बंद. वेगळी गड्डी घटनांची, बारा पत्त्यांची. रोज दोन, दुपारी एक आणि संध्याकाळी एक. त्यातले तीन पत्ते ढगफुटीचे. ते नुसते पिसून टाकले तर कधी तिन्ही पहिल्याच दिवसांत येतात आणि डाव बसतो. म्हणून उरलेल्या नऊ पत्त्यांचे तीन-तीनचे तीन ढीग करा, प्रत्येकात एक ढगफुटी घालून तो ढीग वेगळा पिसा, आणि मग एकावर एक ठेवा. आता दर दोन दिवसांत एक ढगफुटी नक्की, पण कोणत्या वेळी ते अनिश्चित. ढगफुटी आली की पावसाचे उघडलेले पत्ते पिसून परत वर.

गणित पाहा. ढगफुटी नसती तर तेरा पत्ते संपेपर्यंत, म्हणजे चार दिवस, कुठलंच ठिकाण दुसऱ्यांदा भिजलं नसतं. ढगफुटीमुळे दुसऱ्या दिवशी पिरंगुट भिजलं असेल तर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी ते पुन्हा भिजायची शक्यता दाट. पाचव्या दिवसापर्यंत मागे फिरायची वाट बंद होते, आणि कुणी सांगितलं नसतानाही मंडळी मागे वळून बघेनाशी होतात.

सहावी पायरी: काडेपेटी

इथे जरा थांबतो, कारण या खेळाचा जीव यातच आहे.

सुरुवातीला काड्या म्हणजे कागदावरचा आकडा होता. बारा, अकरा, दहा. कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. मग ‘फ्रॉस्टपंक’चा मनोरा आठवला आणि स्वयंपाकघरातली खरी काडेपेटी आणून पटावर ठेवली.

करायचं असं. पंधरा काड्या घ्या. घरात मुलं असतील तर काड्यांचे गुल कापून टाका. पेटीत भरल्यावर एका भिडूनं डोळे मिटून चिमूटभर काड्या काढायच्या आणि न बघता दुसऱ्या डबीत टाकायच्या. साधारण तीन निघतात, पण कधी दोन, कधी चार. पेटी बंद. पुढे अख्ख्या डावात ती उघडून मोजायची नाही. चूल पेटवताना एक काडी काढायची आणि वापरून त्याच डबीत टाकायची. हवी तेव्हा पेटी कानाशी धरून हलवायला मुभा आहे.

पहिल्याच डावात चौथ्या रात्री आत्यानं पेटी हातात घेतली, हलवली, आणि टेबलावर सगळे गप्प झाले. आतून दोन काड्यांचा आवाज होता की तीन, यावर पाच मिनिटं चर्चा. कर्वेनगरची ती वीस मिनिटं मला परत मिळाली.

आता शक्यतांचा हिशोब, कारण पेटी कितीही छान असली तरी आकडे चुकले तर खेळ कोसळतो. कोरडं लाकूड असेल तर साध्या फाशावर तीन ते सहा पडल्यास चूल पेटते, म्हणजे सहापैकी चार वेळा. ओल्या लाकडाला पाच किंवा सहाच लागतात, सहापैकी दोन. पेटेपर्यंत सरासरी किती काड्या लागतील हे काढायला यशाच्या प्रमाणाचा व्यस्त घ्यायचा: कोरड्याला दीड काडी, ओल्याला तीन. एकूण रात्री सहा. चार रात्री कोरडं सरपण मिळालं आणि दोन रात्री ओलं, तर सहा अधिक सहा, बारा काड्या. पंधरातून तीनची चिमूट वजा केली की बाराच उरतात. म्हणजे चार कोरड्या रात्री जमवल्या तर तारेवर चालल्यासारखं निभतं, पाच जमवल्या तर थोडा श्वास मिळतो, तीनच जमल्या तर बहुतेक बुडालो. तुमच्या खेळातही जी वस्तू संपायची भीती आहे तिचा असा हिशोब कागदावर आधी मांडा. दहा डाव खेळून जे कळतं त्यातलं निम्मं यात कळतं.

एक नियम आत्याचा आहे. ओलं लाकूड रात्री पेटत्या चुलीजवळ ठेवलं की सकाळी कोरडं. पण त्या जागेवर एका भिडूला बसता येत नाही, त्याचा दम एकनं उतरतो. मूळ गेममध्ये असं काही नाही. घरात सरपणाची चूल असलेल्या बाईलाच ते सुचावं.

सोंगट्यांसाठी काही विकत आणायची गरज नाही. आमचं कोरडं लाकूड चिंचोके, ओलं लाकूड सागरगोटे, जेवण राजमा. चिंचोके फोडून फाशासारखेही वापरून पाहिले, पूर्वी पटावर टाकायचे तसे. चार अर्धुकांचे सोळा प्रकारे दान पडतं, त्यातले सहा प्रकार दोन-दोनचे, आणि चारही पांढरे पडायची शक्यता सोळात एक. पण प्रत्यक्षात चिंचोक्याच्या दोन बाजू सारख्या पडत नाहीत. आमची अर्धुकं पालथीच जास्त पडायची. वरचा हिशोब लागू करायचा तर साधा फासाच बरा.

सातवी पायरी: एकाची कप्तानी मोडा

सहकारी खेळाचं जुनं दुखणं म्हणजे ज्याला खेळ चांगला कळतो तो सगळ्यांच्या वतीनं खेळतो. बाकीचे त्याच्या सांगण्यावरून सोंगट्या सरकवतात आणि हळूच फोन काढतात. हे वाईट स्वभावाचं लक्षण नाही. सगळी माहिती सगळ्यांसमोर उघडी असेल तर सर्वांत उत्तम चाल एकच असते आणि कुणीतरी ती आधी पाहतंच. उपाय नियमांत हवा. ‘हनाबी’ या पत्त्यांच्या खेळात प्रत्येकाला दुसऱ्यांचे पत्ते दिसतात, स्वतःचे दिसत नाहीत. त्याला २०१३ चा जर्मनीचा मानाचा ‘श्पील देस यारेस’ पुरस्कार मिळाला तो उगीच नाही.

आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रत्येकाचा राजमा आपापल्या कापडी झोळीत लपलेला. आकडा सांगायचा नाही, “बरंय” किंवा “तंगी आहे” इतकंच म्हणता येतं. आणि रात्रीचं जेवण मुठीनं. प्रत्येकानं झोळीतून शून्य ते तीन राजमे मुठीत घ्यायचे, सगळ्यांनी मूठ पुढे करायची आणि एकदम उघडायची. एकूण राजमे भिडूंच्या संख्येइतके भरले पाहिजेत. कमी भरले तर सगळ्यांचा दम उतरतो. जास्त भरले तर जास्तीचे गेले, ओलीत अन्न टिकत नाही.

या नियमात कप्तानाचं काही चालत नाही. दुसऱ्याच्या झोळीत काय आहे हे त्याला माहीतच नसतं. शिवाय इथे माणसं कळतात. माझा मित्र, जो पटावर फार हिशोबी खेळतो, तो रोज मुठीत तीन राजमे आणायचा. पाचव्या रात्री त्याची मूठ रिकामी निघाली आणि तेव्हा आम्हाला उमगलं की बाकीचे तिघं त्याच्यावर जगत होतो.

गद्दार भिडू घालावा का? मोह झाला होता, आम्ही घातला नाही. एकदा संशय आला की मुठीचा अर्थच बदलतो.

आठवी पायरी: मेल्यावर काय?

मूळ गेममध्ये मरण कायमचं. पात्र गेलं की साठवलेला डाव पुसला जातो, आणि एकट्यानं खेळताना ते योग्यही आहे. टेबलावर मात्र त्याचा अर्थ असा की घरी आलेला पाहुणा तासभर भिंतीकडे बघत बसणार. आमच्याकडे दम शून्य झाला की भिडू खचतो. तो चालू शकत नाही, पण बोलू शकतो, मूठ टाकू शकतो, पेटी हलवू शकतो. त्याला पुढच्या ठिकाणी न्यायचं तर दुसऱ्या कुणाच्या दोन हालचाली जातात. सगळे खचले की डाव संपला. मागे टाकून जायची परवानगी आहे. आजवर कुणी ती घेतलेली नाही.

नववी पायरी: तपासणी

पहिले आठ डाव आम्ही सलग हरलो, कारण तेव्हा काड्या बारातून चिमूट काढून होत्या. पंधरा केल्यावर तीन डावांत साधारण एक जिंकायला लागलो, आणि माझ्या मते सहकारी खेळाला हे प्रमाण चांगलं. एका वेळी एकच आकडा बदला. आम्ही एकदा काड्या, राजमा आणि ढगफुटी एकदम बदलल्या, आणि खेळ कशानं सुधारला हे शोधायला दोन आठवडे गेले.

घरचे लोक फार लवकर सरावतात. अनोळखी चौघांना बसवा, नियमांचा कागद द्या आणि स्वतः तोंड उघडू नका. हे सर्वांत अवघड आहे. ते चुकीचं खेळतील, तुमचा जीव वरखाली होईल, तरीही गप्प राहा आणि कोणत्या ओळीपाशी अडले तेवढं लिहा. नियम लिहिताना एका वस्तूला एकच शब्द ठेवा, ‘सरपण’, ‘लाकूड’ आणि ‘जळण’ असे तीन शब्द आमच्या कागदावर होते आणि एका मुलीनं विचारलं, “या तीन वेगळ्या गोष्टी आहेत का?” वाक्यं आज्ञेची आणि छोटी: पत्ता उघडा. खूण ठेवा. पुढच्याला द्या.

दहावी पायरी: हक्क, छपाई आणि डबा

स्वतःच्या घरी खेळायला केलेल्या पटाबद्दल फारशी चिंता नको. लोकांना वाटायचा किंवा विकायचा असेल तर मात्र नीट समजून घ्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संरक्षण कल्पनेला नसतं, तिच्या अभिव्यक्तीला असतं. ‘सरपण जपून वापरणं’ ही कल्पना कुणाच्याच मालकीची नाही. पण मूळ गेमची चित्रं, मजकूर, संगीत, पात्रं उचलता येत नाहीत, आणि नावावर ट्रेडमार्क असू शकतो. ते हवंच असेल तर कंपनीला लिहून परवानगी मागा. आमचं जग, नाव, चित्रं सगळं वेगळं झालं, त्यामुळे ही गाठ आपसूक सुटली. विक्रीपर्यंत जाणार असाल तर वकिलाला एकदा दाखवाच.

पहिले दहा-पंधरा डाव हातानं लिहिलेल्या पत्त्यांवरच खेळा. कोऱ्या व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा आणि पेन्सिल पुरते. देखणे छापलेले पत्ते खोडायला हात धजत नाही, म्हणून लवकर छापू नका. नियम महिनाभर बदलले नाहीत की मग छपाईसाठी अप्पा बळवंत चौकाकडे वळा. नेहमीच्या मापाचे, म्हणजे ६३ बाय ८८ मिलिमीटरचे नऊ पत्ते एका ए-फोर कागदावर बसतात. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, आर्ट कार्ड घ्या. प्रत्येक पत्त्याभोवती कापणीसाठी तीन मिलिमीटर रंग जास्त सोडायचा असेल तर नऊऐवजी आठच बसवा, नाहीतर कडेच्या पत्त्यांना पांढरी रेघ येते.

देवनागरीची एक खास अडचण. इंग्रजी पत्त्यांच्या नमुन्यावर मराठी मजकूर ओतला की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा आणि अक्षर दहा पॉइंटांपेक्षा लहान करू नका. आम्ही ‘मुक्ता’ हा फाँट वापरला. तो मोफत आहे, खुल्या परवान्याचा आहे आणि बारीक आकारातही जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. छापण्याआधी एक पान साध्या कागदावर काढून आजी-आजोबांच्या वयाच्या कुणालातरी ट्यूबलाइटखाली वाचायला द्या.

डबे, कापडी पिशव्या, खुणांसाठी निळे मणी बोहरी आळीत मिळतात. तुळशीबागेतही बऱ्याच वस्तू सापडतात, पण तिथे मी खेळण्यांपुढे रेंगाळतो आणि वेळ जातो. जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी गेलात तर पत्र्याची जुनी डबी शोधा; वापरलेल्या काड्या तीत टाकल्यावर जो आवाज येतो तो प्लॅस्टिकच्या डबीत येत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या दमट हवेत पत्ते कडेनं वाकतात आणि पिसताना ओळखू येतात. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा, किंवा पत्त्यांना प्लॅस्टिकची पाकिटं घाला. काडेपेटी मात्र दर पंधरा-वीस डावांनंतर नवी घ्या. हाताळून पुठ्ठा मऊ पडतो, आवाज दबतो, आणि दोन काड्या एका काडीसारख्या वाजायला लागतात.